घरातील गाणी व गोष्टी आणि प्राथमिक भाषाशिक्षण

१. विषयप्रवेश

सहा वर्षांचे मूल प्राथमिक शाळेत दाखल होते, त्या वेळी त्याला अक्षरओळख नसली तरी भाषा चांगली अवगत असते. त्या भाषेत ते हट्ट करते, भांडते, आजीला प्रश्न विचारते, धाकट्या भावंडाला समजाविते. तिच्यातील वाक्यरचना त्याला कोणी शिकविलेली नसते. पाळण्यापाशी ऐकलेल्या गाण्यातून, रात्री अंथरुणावर ऐकलेल्या गोष्टीतून आणि शेतावर मोठ्या माणसांच्या मागे फिरताना कानी पडलेल्या बोलण्यातून ती त्याच्या ठायी मुरलेली असते. शाळेच्या उंबरठ्यावर येणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ ही शिदोरी असते, मग त्याचे घर कितीही गरीब असो.

गोंदिया जिल्ह्यात ही भाषा सर्वत्र सारखी नाही. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमेवर वसला आहे. येथे पुष्कळ घरांत झाडीबोली बोलली जाते. पोवार समाजाच्या घरांत पोवारी ऐकू येते. सालेकसा, देवरी या तालुक्यांच्या वनभागात गोंडी बोलणारी कुटुंबे आहेत. हलबी, छत्तीसगडी व हिंदी यांचाही वावर आहे. शाळेतील पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. घराच्या अंगणात अखंड बोलणारे मूल वर्गात आल्यावर गप्प बसते, हा अनुभव या भागातील शिक्षकांस नवा नाही. अशा मौनाचा अर्थ मंदबुद्धी किंवा अभ्यासाविषयी अनास्था असा लावला गेला, तर त्या मुलावर फार मोठा अन्याय होतो. पुष्कळदा त्या मौनाचे कारण एवढेच असते की, त्याच्याजवळचे शब्द येथे चालत नाहीत आणि येथे चालणारे शब्द अद्याप त्याचे झालेले नाहीत.

घरातील गाणी व गोष्टी यांचे स्वरूप काय, त्या कोणत्या कारणाने लोप पावत आहेत आणि प्राथमिक वर्गात त्यांचा उपयोग कोणत्या रीतीने करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. कामाच्या सोबतीने जन्मलेले काव्य

घरगुती काव्याचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे जात्यावरची ओवी. ही ओवी बहुधा दोन ओळींत पुरी होते. तिच्यात अक्षरसंख्येचे बंधन कडक नसते. जात्याच्या फेऱ्यांत बसेल इतपत ती लांब किंवा आखूड केली जाते. एकीने ओळ म्हणावी, दुसरीने ती उचलावी आणि खुंट्यावरील दोघींचे हात एका लयीत फिरावेत, अशी तिची रीत. पहाटेच्या अंधारात, घरातील इतर माणसे निजलेली असताना दळण चाले. त्यामुळे दिवसा जे बोलण्याची सोय नव्हती, ते सासुरवाशीण ओवीत बोलू शके. माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, लेकराचे कौतुक, सवतीचे दुःख, सीतेच्या वनवासाशी स्वतःच्या वनवासाची घातलेली सांगड आणि पंढरीच्या वाटेची आस, हे सर्व विषय ओवीत आढळतात. काव्य म्हणून कोणास ऐकविण्याकरिता ती रचलेली नव्हती. कामाचे कष्ट हलके व्हावेत व मनातील भार उतरावा, एवढाच तिचा हेतू असे.

या धनाची ओळख महाराष्ट्रातील विद्वानांनी वेळोवेळी करून दिली आहे. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या मिळवून 'स्त्रीजीवन' हा संग्रह सिद्ध केला. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे लोकगीते व लोककथा यांचे अनेक खंड प्रसिद्ध केले. पुढे गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी पुण्यास राहून खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांच्या प्रयत्नातून जमलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. ज्या स्त्रियांच्या मुखातून त्या आल्या, त्यांपैकी बहुतेकींना शाळेत जाण्याची संधी मिळाली नव्हती, ही गोष्ट शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावी.

गोंदिया हा भाताचा मुलूख आहे. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, त्यांच्या पाण्यावर येथील बांध्या पिकतात. साहजिकच येथील गाणी जात्याप्रमाणेच उखळ-मुसळाशी आणि चिखलाशीही जोडलेली आहेत. पावसाळ्यात पऱ्हे उपटून बांधीत रोवणा सुरू झाला की, बायका एका ओळीत वाकून मागे मागे सरकत रोप लावतात. दिवसभर कमरेतून वाकून करावयाचे हे काम गाण्यावाचून जड जाते. एक टोळी गाण्याची ओळ म्हणते आणि दुसरी ती झेलते. गाण्याच्या लयीबरोबर हात चालतात व ओळ सरळ राहते. येथे गाणे हे कामाचे एक अवजारच असते, असे म्हटले तरी चालेल.

यांखेरीज मुलांची म्हणून खास गाणी आहेत. भाद्रपद पौर्णिमेपासून पुढे महिनाभर मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेली मुले त्या ऐकतात व पाठ करतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि दंडारीच्या रूपाने गीत, नृत्य व संवाद एकत्र पाहावयास मिळतात. झाडीपट्टीतील या कलांचा व बोलीचा अभ्यास साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी चिकाटीने केला, त्यामुळे या भागाच्या वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले.

३. गोंडी पाटा आणि लिंगोची कथा

गोंडी भाषेत गाण्याला 'पाटा' म्हणतात. गोंडी ही द्रविड कुळातील भाषा असून २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली आहे. मराठीहून तिची घडण सर्वस्वी भिन्न आहे. पाण्याला 'एर', घराला 'रोन' आणि गावाला 'नार' म्हणणाऱ्या मुलास पहिलीच्या पुस्तकातील जवळजवळ प्रत्येक शब्द नवा असतो. झाडीबोली बोलणाऱ्या मुलाची अडचण उच्चारभेदाची असते. गोंडी मुलाची अडचण त्याहून पुष्कळच खोल आहे, हा फरक शिक्षकाने कधीही विसरू नये.

गोंड समाजात पिढ्यान्पिढ्या वंशकथा सांगण्याचे काम परधान गायकांनी केले. बाना नावाच्या तंतुवाद्याच्या साथीवर ते आपल्या यजमान कुटुंबांना त्यांच्या पूर्वजांच्या व देवांच्या कथा गाऊन ऐकवीत. नागपूर येथे राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोची दीर्घकथा अशाच एका गायकाकडून उतरवून घेतली. १८६३ मध्ये हिस्लॉप पाण्यात बुडून मृत्यू पावले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यांत ही कथा मूळ गोंडी शब्दांसह छापली गेली. ती देवादिकांची कथा असली तरी तिच्यातील तपशील शेतकऱ्याच्या घरातील आहे. जंगल तोडून केलेले धानाचे शेत, ते रात्रीतून खाऊन जाणारी रानातील जनावरे, शिजविण्याकरिता विस्तव शोधत फिरणारे भाऊ आणि भोपळ्याचे वाद्य वाजवून म्हाताऱ्या जोडप्यास नाचावयास लावणारा लिंगो, अशी दृश्ये तिच्यात आहेत. शेताची राखण करण्यास जाणाऱ्या मुलास ही कथा परकी वाटणार नाही.

या कथेशी निगडित असे पवित्र स्थान गोंदिया जिल्ह्यातच आहे. सालेकसा तालुक्यात धनेगावाजवळ कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा असून माघ पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतील गोंड भाविक तेथे जमतात. लिंगोने गुहेत कोंडलेल्या गोंड पूर्वजांची सुटका केली ती याच ठिकाणी, अशी त्यांची श्रद्धा आहे. तेथे सांगितल्या जाणाऱ्या एका कथेनुसार हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने आत अडकलेल्या मुलांच्या अंगी बळ आले व त्यांनी दारावरील शिळा ढकलली. सालेकसा तालुक्यातील मूल ही कथा आजोबांच्या खांद्यावर बसून जत्रेत ऐकते. तीच कथा वर्गात एकदाही उच्चारली जाऊ नये, हे उचित नव्हे.

४. घरच्या बोलीचा ग्रंथ झाला, त्याचा दाखला

बोलीतील घरगुती काव्यास पाठ्यपुस्तकात स्थान मिळू शकते काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर खानदेशात मिळते. जळगावजवळील आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतातील व घरातील कामे करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. त्यांनी व घरातील दुसऱ्या एका नातलगाने ती गाणी वेळोवेळी उतरवून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाले आणि पुढील वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. आज महाराष्ट्रातील शाळांत त्यांच्या कविता शिकविल्या जातात.

या घटनेतून घ्यावयाचा बोध असा की, घरातील एक साक्षर मूल आईचे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवून घेण्यास प्रवृत्त झाले, म्हणून ते काव्य टिकले. सोपानदेवांनी ती गाणी उतरविली नसती, तर ती त्या माउलीबरोबरच गेली असती. गोंदिया जिल्ह्यातील प्रत्येक गावात लिहिता येणारी मुले आता आहेत. त्यांच्या आज्या मात्र थोड्याच वर्षांच्या सोबती आहेत.

५. दूरदेशीचा अनुभव

हाच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही उभा राहिला होता. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात अॅरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या राज्यांत नवाहो लोकांची मोठी वस्ती आहे. ते स्वतःला 'दिने' म्हणवितात. त्यांच्या घरी गोष्टी सांगण्यास काळवेळ असते. कोयोट या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या कथा हिवाळ्यातच, साप व अस्वले निद्रिस्त असताना, सांगाव्यात असा त्यांचा संकेत आहे. मूल जन्मानंतर प्रथम हसले म्हणजे घरी समारंभ करतात आणि ज्याने त्याला हसविले, त्याच्याकडे त्या समारंभाचे यजमानपद येते. मध्य भारतातील अनेक घरांतही दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असे मुलांना सांगतात. दिवस कामाचा व रात्र गोष्टीची, अशी वाटणी दोन्हीकडील वडीलधाऱ्यांनी केलेली दिसते.

नवाहो मुलांना पूर्वी घरापासून दूर वसतिगृहाच्या शाळांत नेण्यात येई व तेथे त्यांची भाषा बोलण्यास मनाई असे. भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्याच्या आठवणी त्या समाजात आजही सांगितल्या जातात. पुढे १९६६ मध्ये अॅरिझोनातील रफ रॉक या गावी एक निराळी शाळा निघाली. तिचा कारभार स्थानिक नवाहो पालकांच्या निवडलेल्या मंडळाकडे होता. या शाळेने इंग्रजीबरोबर नवाहो भाषेलाही वर्गात स्थान दिले, गावातील वृद्धांना कथा सांगण्यास व विणकाम शिकविण्यास बोलाविले आणि त्यांच्या कथांची पुस्तके छापून मुलांच्या हाती दिली. १९५३ मध्ये जन्मलेल्या कवयित्री लूसी टापाहोन्सो या नवाहो घरात वाढल्या. आई, मुली, नातलग व स्वयंपाकघरातील बोलणे यांतून त्यांची कविता उभी राहिली. २०१३ मध्ये नवाहो राष्ट्राने त्यांना आपल्या पहिल्या राजकवी म्हणून गौरविले. शाळेने घराला शत्रू मानले तेव्हा मुलांची मने दुखावली, आणि घराला सोबती मानले तेव्हा शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला, हे या अनुभवाचे सार आहे.

भारताच्या संविधानात १९५६ मध्ये समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय असावी, असे सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, अशी शिफारस केली आहे. गोंदियासारख्या बहुभाषी जिल्ह्यात एकाच वर्गात तीन बोली असताना सर्व शिक्षण घरच्या भाषेत देणे नेहमी साधेलच असे नाही. परंतु घरच्या भाषेला वर्गात मान व काम देणे प्रत्येक शिक्षकास साधण्यासारखे आहे.

६. गाणी लोप पावण्याचे कारण

गाणी का विसरली जात आहेत, याचा विचार केल्याखेरीज उपाय सुचणार नाही. गावात पिठाची व धानाची गिरणी आली, त्यामुळे जाते व उखळ कोपऱ्यात गेले. गिरणीने स्त्रियांचे अपार कष्ट वाचविले. त्याबद्दल कोणीही खेद मानू नये. जात्याचे दिवस परत यावेत, अशी इच्छा ते न ओढणाऱ्यानेच करावी! परंतु ज्या कामाला धरून गाणे होते, ते काम गेल्यावर गाण्याचा प्रसंगही गेला. आजीला ओव्या आठवतात, तथापि त्या म्हणण्याचे निमित्त तिला उरलेले नाही. म्हणून नुसते 'जुनी गाणी जपा' असे सांगून ती जपली जात नाहीत. त्यांना नवे निमित्त पुरवावे लागते. असे निमित्त वर्षभर, नियमाने व गावातील सर्व घरांतील मुलांना पुरवू शकेल, अशी संस्था खेड्यात प्राथमिक शाळा हीच होय.

येथे एक सूचना आवश्यक आहे. स्नेहसंमेलनात वेष करून एखादे लोकगीत सादर करणे ही गोष्ट चांगली असली तरी पुरेशी नाही. वर्षातून एकदा रंगमंचावर दिसणारे गाणे मुलास पाहण्याची वस्तू वाटते. तेच गाणे भाषेच्या तासाला ऐकले, लिहिले, वाचले व त्याच्यावर प्रश्नोत्तरे झाली, म्हणजे ते अभ्यासाची वस्तू होते आणि आपल्या घरात अभ्यासण्याजोगे काही आहे, ही जाणीव मुलास होते.

७. वर्गातील योजना

(अ) वार्षिक नियोजन. शालेय वर्षाची सांगड गावाच्या वर्षाशी घालावी. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीची गाणी व शब्द, पोळ्याच्या सुमारास झडत्या, भाद्रपद-आश्विनात भुलाबाई, दिवाळीनंतर मंडई व दंडार, हिवाळ्यात रात्री सांगावयाच्या गोष्टी, माघात कचारगडची कथा आणि वर्षाच्या शेवटी मोहफुले वेचण्याच्या दिवसांतील अनुभव, असा क्रम ठेवता येईल. महिन्यास चार तास एवढा वेळ या कामास पुरतो.

(आ) नमुना पाठ. इयत्ता तिसरी. घटक : रोवणा.

उद्दिष्टे : मुलांनी घरच्या बोलीत मोकळेपणाने अनुभव सांगावा, बोलीतील शब्द व प्रमाण मराठीतील शब्द यांतील संबंध ओळखावा, ऐकलेला मजकूर चार-पाच वाक्यांत लिहावा.

पहिला तास. मुलांनी घरून रोवण्याविषयी एक गाणे किंवा एक गोष्ट ऐकून यावे, असे आदल्या दिवशी सांगावे. तासाला प्रत्येकाने आपल्या बोलीत ते सांगावे. शिक्षकाने या तासात एकही शब्द दुरुस्त करू नये. गोंडी किंवा पोवारी बोलणारे मूल बोलेल तेव्हा त्याच भाषेचे दुसरे मूल अर्थ सांगेल. एरवी मागच्या रांगेत बसणारे मूल या वेळी दुभाष्या होते, हा या तासाचा मोठा लाभ आहे.

दुसरा तास. ऐकलेल्या शब्दांची यादी फळ्यावर करावी. पऱ्हे, बांधी, रोवणा, धुरा, तनीस असे शब्द मुलेच पुरवितील. ज्यांना प्रमाण मराठीत नेमका पर्याय नाही, असे शब्द तसेच ठेवावेत आणि मुलांकडूनच त्यांचा अर्थ एका वाक्यात घ्यावा. बांधी म्हणजे काय, हे शहरातील मुलास समजेल असे सांगणे, हा उत्तम निबंधाभ्यास आहे.

तिसरा तास. उच्चारभेदाचा अभ्यास करावा. झाडीबोलीत प्रमाण मराठीतील 'ण' च्या जागी 'न' व 'ळ' च्या जागी 'र' येतो. म्हणून मुले पाणी या शब्दास पानी, डोळा या शब्दास डोरा आणि तळ्यास तरा म्हणतात. दोन स्तंभ करून हे शब्द समोरासमोर लिहावेत व नियम मुलांनाच शोधू द्यावा. मूल 'पानी' असे लिहिते त्यात त्याचा निष्काळजीपणा नसतो. ते आपल्या बोलीचा नियम काटेकोरपणे पाळत असते. हा नियम त्याला एकदा दिसला की, पुस्तकात कोठे 'ण' व कोठे 'ळ' लिहावयाचा, हे ते लाज न वाटता शिकते. रोज लाल शाईने केलेल्या दुरुस्त्यांपेक्षा ही रीत अधिक टिकाऊ आहे.

चौथा तास. प्रत्येक मुलाने ऐकलेली गोष्ट प्रथम बोलीत व नंतर प्रमाण मराठीत लिहावी. दोन्ही मजकूर एकाच वहीच्या समोरासमोरच्या पानांवर असावेत. वर्षअखेरीस या वह्या एकत्र शिवून वर्गाचे एक पुस्तक तयार करावे व ते शाळेच्या वाचनकोपऱ्यात ठेवावे. पुढील वर्षीच्या मुलांना आपल्याच गावचे वाचनसाहित्य त्यामुळे मिळते.

मूल्यमापन. गाण्याच्या गोडीला किंवा आवाजाला गुण देऊ नयेत. मूल पूर्वीपेक्षा अधिक बोलते काय, प्रश्न विचारते काय, दोन्ही पानांतील फरक समजावून सांगते काय, एवढेच पाहावे.

८. घ्यावयाची काळजी

पहिली गोष्ट, गाणी सांगणाऱ्या स्त्रीचा मान राखावा. तिला शाळेत बोलवावयाचे असेल तर रोवणी-कापणीच्या दिवसांत दुपारी बोलावू नये. तिची त्या दिवसाची मजुरी बुडेल. शक्यतो शिक्षकाने सायंकाळी तिच्या ओसरीवर जावे. फोनवर ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी तिची अनुमती घ्यावी आणि मुद्रण तिला ऐकवावे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक गाणे वर्गात आणण्याजोगे नसते. मृत्यूच्या प्रसंगीची किंवा देवपूजेशी बांधलेली गाणी ज्या त्या समाजाची ठेव आहे. समाजातील वडीलधारी माणसे नको म्हणतील, तेथे शाळेने थांबावे. कित्येक गाण्यांत दुसऱ्या जातीचा उपहास किंवा स्त्रीला कमी लेखणारा मजकूरही आढळतो. जुने म्हणून सर्वच चांगले, असे मानण्याचे कारण नाही. अशा गाण्याची निवड करू नये. मुलाने ते आणलेच तर त्याला न दुखविता त्याविषयी बोलावे.

तिसरी गोष्ट, गाणे उतरवून घेताना ते 'शुद्ध' करू नये. एकदा प्रमाण मराठीत बदलून लिहिले की, मूळ लय व मूळ शब्द दोन्ही हातचे जातात. गोंडी गाणे देवनागरीत लिहिताना त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. शेजारच्या बालाघाट भागातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी सिद्ध केली होती. तिची ओळख मोठ्या मुलांना करून दिल्यास त्यांचे कुतूहल वाढेल.

९. शंका व समाधान

पालक म्हणतात, 'बोली तर घरी येतेच. शाळेने पुस्तकाची भाषा शिकवावी.' पालकांची ही अपेक्षा रास्त आहे. मुलाने तलाठ्यास अर्ज लिहावा, स्पर्धेची परीक्षा द्यावी, बाहेरगावी शिकण्यास जावे, हीच त्यांची इच्छा असते आणि प्रमाण मराठी चांगली आल्यावाचून ती पुरी होणार नाही. वर सांगितलेली योजना त्या इच्छेच्या आड येत नाही. जे मूल पहिल्या वर्षी गप्प राहते, ते वाचनात मागे पडते, पुढे प्रत्येक विषयात मागे पडते आणि कित्येकदा शाळाच सोडते. बोलीतून बोलके झालेले मूल प्रमाण भाषा लवकर आत्मसात करते. शिक्षकाने ही गोष्ट पालकसभेत मुलांच्या वह्या दाखवून सांगावी. वहीतील दुसऱ्या पानावरील शुद्ध मराठी पाहून पालकांची खात्री पटेल.

शिक्षक बाहेरच्या जिल्ह्यातील असल्यास त्याला स्थानिक बोली येत नाही, हीही एक अडचण असते. परंतु या कामात ती काही अंशी उपयोगीच पडते. ज्याला बांधी व पऱ्हे यांचा अर्थ ठाऊक नाही, असा शिक्षक मुलांना खरोखरच प्रश्न विचारतो आणि मुलांना गुरुजींना काही शिकविल्याचे समाधान मिळते.

१०. समारोप

घरातील गाणी व गोष्टी यांना केवळ करमणुकीचे साधन समजून चालणार नाही. लिहिता न येणाऱ्या अनेक पिढ्यांनी आपले अनुभव, दुःख व शहाणपण त्यांत साठविले आहे. ही ठेव ज्या कामांच्या आधाराने चालत आली, ती कामे बदलली. तिला पुढे नेणारी मुले मात्र रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत येत आहेत. त्यांच्या वह्यांची काही पाने आजीच्या शब्दांसाठी मोकळी ठेवणे एवढेच शाळेकडून अपेक्षित आहे. त्यासाठी निराळ्या निधीची गरज नाही.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील मुलांच्या घरी कोणकोणत्या भाषा व बोली बोलल्या जातात? इयत्तावार यादी तयार करा.
२. आपल्या गावात कोणती गाणी कोणत्या कामाच्या वेळी म्हटली जात? त्यांपैकी कोणती कामे आता बंद पडली आहेत?
३. मुलांच्या लेखनातील नेहमीच्या दहा चुका निवडा. त्यांतील किती चुका बोलीच्या नियमातून आल्या आहेत, ते ठरवा.
४. वर्गात गप्प राहणाऱ्या एका मुलाचे एक महिना निरीक्षण करा. घरच्या भाषेत बोलण्याची संधी मिळाल्यावर त्याच्यात कोणता पालट होतो, त्याची नोंद ठेवा.